चिठ्ठीवरचा कोरा चौकोन

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे मालक, आदरणीय मोठे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले व्यवस्थापक साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलोय ते सत्कारमूर्ती, म्हणजे आपले उडते मिस्त्री, आमचे काका. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, काकू. हिशेब खात्यातले, भांडारातले, जोडणी खात्यातले सगळे साहेब आणि मिस्त्री लोक. आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, झाडझूड आणि चहापाणी बघणाऱ्या माझ्या मैत्रिणी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

एवढं आपल्या सगळ्यांची प्रवासाची तिकिटं काढणाऱ्या तिकीटताईंनी कागदावर लिहून दिलं होतं. ते वाचून झालं. पुढचं मलाच बोलायचंय. माइक जरा खाली करता का कोणी? हां, बस.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. या हॉलमध्ये मी रोज येते, पण फडकं घेऊन. इथे उभं राहून तुमच्या सगळ्यांची तोंडं दिसतात हे मला आजच कळलं. काकांनी माझं नाव दिलं तेव्हा मी म्हटलं, काका, मी काय बोलू? तर म्हणाले, "साहेब लोक काय बोलणार ते मला पाठ आहे. तू काय बोलशील ते मला माहीत नाही. म्हणून तू बोल." काका, खरंच माहीत नाही तुम्हाला. आज तेच सांगायचंय.

नवीन लोकांसाठी आधी काकांचं काम सांगते. आपल्याकडे पुडे भरायची, वजन करायची मशीनं बनतात. ती लांब लांबच्या कारखान्यांत जातात, आणि तिथे जाऊन ती उभी करायची, काटा जुळवायचा, हे काकांचं काम. वर्षाला चाळीस वेळा विमान. आपल्यापैकी काही जण चाळीस वेळा बसमध्येसुद्धा बसत नसतील. काकांचं वैशिष्ट्य काय? तर खिशात आठ नंबरचा पाना. घरून निघताना तो खिशात राहणार, विमानतळावर तपासणीत तो सापडणार आणि ते लोक तो काढून घेणार. भांडारवाले दादांना विचारा, त्यांनी आजपर्यंत किती पाने दिले. दादा बोटं दाखवतायत, पण त्यांची बोटं पुरत नाहीयेत.

येताना मात्र काका रिकाम्या हाताने यायचे नाहीत. विमानात मिळणारी साखरेची इवलीशी पुडी, लाकडाचा छोटा चमचा, असलं काहीतरी माझ्या मुलीसाठी. घरात तिला आम्ही पिटुकली म्हणतो. आता तीन वर्षांची आहे. तिच्या भातुकलीत सगळी भांडी विमानातली आहेत.

पिटुकलीचं तुम्हाला बहुतेकांना माहीत आहे. तिच्या हृदयात जन्मापासून दोष आहे. एक ऑपरेशन वर्षाची असताना झालं, दुसरं, मोठं, व्हायचंय. ते इथे होत नाही. त्या लांबच्या शहरातल्या दवाखान्यात होतं. खर्चाचं तिथल्या संस्थेने बघितलं, तुम्हीही हातभार लावलात, त्याबद्दल मी आज वेगळं काही बोलत नाही, बोलले तर पुढचं बोलता येणार नाही. ऑपरेशन कधी? तर डॉक्टर म्हणाले, वजन बारा किलो झालं की. त्याच्या आत नाही. आणि बारा झालं की लगेच. खाट रिकामी झाली की फोन येणार, चार दिवसांत हजर व्हायचं.

मागच्या वेळी तपासणीला आम्ही तिला रेल्वेने नेली. दोन रात्री. दुसऱ्या रात्री तिचे ओठ जांभळे झाले आणि मी सकाळपर्यंत तिला उभी धरून बसले होते. डॉक्टर मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी रेल्वेने आणायची नाही. विमानाने आणा. थेट विमानाने. एकदाच चढायचं, एकदाच उतरायचं. गर्दीत तासन्‌तास बसवून ठेवायची नाही." येताना चालेल म्हणाले रेल्वे. तेव्हा ती दुरुस्त झालेली असेल.

विमानाने. माझा नवरा मालाचा टेम्पो चालवतो. चार दिवसांवर आलेलं विमानाचं तिकीट काय भावाने मिळतं ते तुम्ही जाणता.

तर एवढं ऐकून काका म्हणाले, "त्यात काय? माझे पॉइंट आहेत की."

आता पॉइंट म्हणजे काय ते मलाही महिन्यापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. विमान कंपन्या आपल्या गिऱ्हाइकाला कार्ड देतात. आमच्याच विमानाने जा, दर खेपेला पॉइंट देऊ. पुरेसे साठले की एक तिकीट फुकट, तुम्हाला नाहीतर तुम्ही सांगाल त्याला. आयत्या वेळी मागितलं तरी तेवढ्याच पॉइंटांत, सीट रिकामी असली म्हणजे झालं. आणि वर्षात चोवीस वेळा आमच्याच विमानाने गेलात तर कार्ड वरच्या पायरीवर, मग पुढची रुंद सीट, पाय पसरायला जागा. काकांकडे दोन कंपन्यांची दोन कार्डं. एक निळं, एक पिवळं. कंपनी तिकीट काढते, पण पॉइंट जाणाऱ्याच्या कार्डावर.

या दोन कार्डांवरून आपल्याकडे काय महाभारत चालतं ते मी चहा देताना रोज ऐकते. भांडारवाले दादा निळ्याचे. हिशेबवाले साहेब पिवळ्याचे. दोघं वर्षातून तीनदा उडतात, पण भांडण असं की विमानं यांच्याच घरची आहेत. दादा म्हणणार, "पिवळ्याचं विमान म्हणजे पाहुण्यांची सरबराई, वेळेवर निघायचं नाव नाही." साहेब म्हणणार, "निळ्याचे पॉइंट म्हणजे बर्फाचे लाडू. खिशात ठेवले की पाणी." दादा, साहेब, रागावू नका, सगळ्यांना तोंडपाठ आहे हे.

काका कधी या भांडणात पडले नाहीत. ते म्हणायचे, "मला सगळी विमानं सारखीच. पाना दोघंही काढून घेतात."

आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐका, मला दुसऱ्यांदा सांगता येणार नाही.

कोणाला दौऱ्यावर जायचं असलं की तो प्रवासाची चिठ्ठी भरतो. ती चिठ्ठी जोडणी खात्यातून वरच्या मजल्यावर तिकीटताईंच्या खिडकीपर्यंत न्यायचं काम माझं. चिठ्ठीवर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकोन असतो. कार्ड कोणतं, ते लिहायला. काका तो चौकोन कोरा सोडायचे. मी कामाला लागले, तीन वर्षांपूर्वी, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांची कोरी चिठ्ठी घेऊन गेले आणि तिकीटताई म्हणाल्या, "चौकोन कोरा असला की मी चिठ्ठी घेत नाही. परत ने." त्या रागाने नव्हत्या म्हणाल्या. पण मी नवीन होते. पिटुकली तेव्हा तान्ही होती, नुकतंच तिच्या दुखण्याचं कळलं होतं, आणि ही नोकरी गेली तर काय, एवढंच डोक्यात. परत खाली जायची, काकांना मशीनवरून उठवायची माझी हिंमत झाली नाही. जिन्यात भांडारवाले दादा भेटले. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "निळं लिही, डोळे झाकून." मी लिहिलं. नुसतं "नि".

पुढच्या वेळी जिन्यात हिशेबवाले साहेब होते. ते म्हणाले, "पिवळं लिहायला सांग त्यांना, जरा अक्कल येऊ दे." मी लिहिलं "पि".

मग मला भीती वाटायला लागली. निळं लिहीत राहिले तर पगार काढणारे साहेब नाराज. पिवळं लिहीत राहिले तर साबण, फडकी, सगळं ज्यांच्याकडून घ्यायचं ते दादा नाराज. आमच्या घरी दोन जावा. सासूबाईंचा नियम आहे, एक दिवस हिची पाळी, एक दिवस तिची, म्हणजे घरात तंटा नाही. मी तोच नियम लावला. एकदा "नि", एकदा "पि". तीन वर्षं. शंभराच्या वर चिठ्ठ्या. माझ्या मते मी फार शहाणपणाचं काम करत होते. कोणाचं मन दुखवलं नाही.

तिकीटताईंना वाटायचं काका भरतात. काकांना वाटायचं तिकीटताई भरतात. तुम्ही म्हणाल, अक्षर ओळखलं नाही कोणी? एका अक्षराचं काय ओळखणार.

महिन्यापूर्वी काका माझ्यासाठी पॉइंट बघायला तिकीटताईंकडे गेले. मी चहा घेऊन तिथेच होते. जुने पॉइंट काकूंना मुलीच्या बाळंतपणाला पाठवण्यात संपले होते, त्यामुळे खात्यात होतं ते सगळं या तीन वर्षांतलं. ताईंनी दोन्ही खाती उघडली आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "मिस्त्री, हे काय करून ठेवलंत? वर्षाला वीस इकडे, वीस तिकडे. दोन्हीकडे वरच्या पायरीला चार-चार खेपा कमी. सलग तीन वर्षं."

काका म्हणाले, "तरी म्हणतो, सगळे पुढे बसतात, मी आपला मधल्या सीटवर कोंबडीसारखा."

"आणि पॉइंट बघा. निळ्यावर दीड तिकिटाचे. पिवळ्यावर दीड तिकिटाचे. एकातले दुसऱ्यात जात नाहीत. एकाच कार्डावर असते तर तीन तिकिटं होती, आत्ताच्या आत्ता."

"म्हणजे आता?"

"आता काय, आई निळ्या विमानात आणि पोर पिवळ्या विमानात." ताई हसत होत्या, पण हसू काही खरं नव्हतं. मग म्हणाल्या, "पण असं आलटून पालटून करायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

"मी कुठे करतो? मी चौकोन कोरा सोडतो. तुम्हीच भरता ना?"

"मी? मला भरूनच येतो."

दोघांनी मग कॉम्प्युटरला शिव्या घातल्या.

आणि मी? मी रिकामे कप उचलले आणि निघून गेले.

तर असं आहे काका. तुमचे गुडघे तीन वर्षं मधल्या सीटवर दुमडून राहिले ते माझ्यामुळे. माझ्या मुलीचं तिकीट मीच फाडलं, रोज थोडं थोडं, दोन्ही हातांनी. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं मी तुम्हालाही उपाशी ठेवलं आणि माझ्या लेकीलाही. मी महिनाभर हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही समोरून आलात की मी बादली उचलून दुसरीकडे जायचे. तुम्हाला वाटलं असेल, पोरीच्या काळजीने.

काय म्हणालात काकू? "तरीच रोज रात्री गुडघ्याला तेल"? हसू नका हो तुम्ही सगळे. नाही, हसा. हसलेलं बरं वाटतंय. काका मान खाली घालून बसलेत, ते हसतायत की रागावलेत ते मला इथून दिसत नाही.

निवेदक साहेब घड्याळ दाखवतायत. साहेब, दोन मिनिटं. ज्याच्यासाठी उभी राहिले ते अजून राहिलंय.

मोठ्या साहेबांनी काकांना निरोपाची भेट म्हणून त्यांच्या मुलीकडे जायचा प्रवास दिलाय, काका-काकू दोघांना, समुद्रापलीकडे. पुढच्या आठवड्यात निघायचं. दोन्ही कंपन्यांची विमानं तिकडे जातात. लांबचा प्रवास, पॉइंट भरपूर. ज्या कार्डावर ही खेप जाईल त्याच्यावर दीडाची दोन तिकिटं होतील. मी आणि पिटुकली, एकाच विमानात. आणि दुसऱ्या कार्डावरचे तसेच पडून राहतील, कारण काका आता निवृत्त, पुढे खेप नाही.

सोमवारी काका चहाच्या खोलीत आले. हातात चिठ्ठी. सगळी भरलेली, फक्त चौकोन कोरा. म्हणाले, "हे आता तुझं. तुला जे हवं ते लिही. आम्हाला दोघांना कुठलंही विमान चालतं, खाली पडलं नाही म्हणजे झालं."

बघा. ज्यांना माहीत नव्हतं की तीन वर्षं तो चौकोन मीच भरतेय, त्यांनी तो माझ्याच हातात दिला.

ती चिठ्ठी चार दिवस माझ्याकडे आहे. ही काय. घडी घालून घालून मऊ झालीय. ताई म्हणाल्या, आज संध्याकाळपर्यंत दे, उद्या भाव बदलतो.

निळं काय आहे? निळ्याचं विमान त्या शहरात थेट जातं. दोन तास. डॉक्टर म्हणाले तसंच. एकदा चढा, एकदा उतरा. पण निळ्याचे पॉइंट शेवटच्या खेपेनंतर अकरा महिन्यांनी मरतात. वापरा नाहीतर गेले. हिशेबवाले साहेबांचा बर्फाचा लाडू.

पिवळं काय आहे? पिवळ्याचे पॉइंट मरत नाहीत. वर्षातून एकदा त्यांच्या यादीतल्या दुकानातून काहीतरी घेतलं की जिवंत राहतात. एक वर्ष, दोन वर्षं, कितीही. पण पिवळं विमान थेट जात नाही. मधल्या शहरात उतरायचं, तीन तास बसायचं, पुन्हा दुसऱ्या विमानात चढायचं.

म्हणजे एकात वेळ आहे, पण रस्ता नको तसा. दुसऱ्यात रस्ता आहे, पण वेळ मोजून दिलेला.

आणि बारा किलो कधी होणार ते कोणाला माहीत?

ते काकांना विचारा. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सुट्टीची घंटा झाली की, मी पिटुकलीला तपासणीच्या खोलीत घेऊन येते. व्यवस्थापक साहेब, हे तुम्हाला न विचारता चालतं, माफ करा. दवाखान्याचा काटा एकदा एक सांगतो, एकदा एक. काका म्हणाले, आपण आख्ख्या जगाचे पुडे मोजतो, मग पोर दुसऱ्याच्या काट्यावर कशाला? आधी ते प्रमाण वजनं ठेवून काटा बघतात. पाच किलोचं, मग दहाचं. शेजारची मशीनं बंद करायला लावतात, थरथर नको म्हणून. मग काट्यावर स्वच्छ कागद आणि कागदावर पिटुकली.

तिला वाटतं ती पुडा आहे. काका विचारतात, "माल भरला का?"

ती श्वास धरून बसते आणि म्हणते, "अजून नाही भरला."

मग काका लोखंडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडा लिहितात. ते कपाट उघडून बघा कोणी. मशीनच्या आकड्यांखाली माझ्या मुलीचे आकडे आहेत. गेल्या बारा महिन्यांत ती सव्वा किलो वाढली. आज सकाळी काकांनी शेवटचं वजन घेतलं. दहा किलो सातशे वीस ग्रॅम. म्हणजे आता अकरा महिन्यांत तिला बाराशे ऐंशी ग्रॅम वाढायचंय. गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्तच, आणि एक महिना कमी. मागच्या महिन्यात नुसती सर्दी झाली तर दोनशे ग्रॅम गेले होते. वजन झालं तरी खाट कधी मिळेल, त्या दिवशी निळ्या विमानात सीट असेल का, हे वेगळंच.

सांगा, तुम्ही काय लिहिलं असतं?

मी विचारून बघितलं. नवरा म्हणाला, "पिवळं. न मरणारं घे. तीन तास मी काय आभाळ कोसळू देणार नाही, मी आधीच जाऊन बसतो त्या मधल्या शहरात." सासूबाई म्हणाल्या, "लेकराला दोनदा वर-खाली करू नकोस. थेट ने." मग दादांना विचारलं. वाटलं, हे तरी पक्कं सांगतील. दादा साबणाची खोकी रचता रचता म्हणाले, "निळं चांगलंच आहे गं, पण या वेळी पिवळं घे." हिशेबवाले साहेबांकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "तू आपली निळ्यानेच जा." आयुष्यभर भांडले, आणि माझ्या पोरीची वेळ आली तेव्हा दोघांनी आपापलं कार्ड मागे घेतलं. मी समजले. दोष आपल्या कार्डावर नको. दादा, साहेब, मला राग नाही आला. मलाही तेच हवंय की. दोष माझ्यावर नको.

तिकीटताई एकट्या खरं बोलल्या. म्हणाल्या, "तीस वर्षं मी या खिडकीत बसून बघतेय. दोन बरी असतील तर एक बरं सोडावं लागतं. लोकांना ते सोडवत नाही, म्हणून ते दोन्हीकडे थोडं थोडं टाकतात."

हे त्या सहज बोलल्या. मला रात्रभर झोप नाही आली. कारण आताही माझ्या मनात काय चाललं होतं, सांगू? मी ताईंना विचारणार होते की काकांची जायची खेप निळ्यावर आणि यायची पिवळ्यावर टाकता येईल का. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा दोन्हीकडे पावणेदोन तिकिटं, पुन्हा आई एकीकडे आणि पोर एकीकडे. इतकं होऊनही. भीती माणसाला काय अक्कल देते बघा.

मी या चिठ्ठीकडे बघून बघून एक गोष्ट ठरवलीय. बरोबर आहे की चूक, मला माहीत नाही. शिकलेल्यांनी हसू नये.

मी पिवळं लिहिलं, तर मी काय लिहिलं? मी लिहिलं की माझी मुलगी वेळेत भरणार नाही. तिला जास्त वेळ लागेल म्हणून सोय करून ठेवली. डॉक्टर तसं म्हणोत, काटा तसं म्हणो. आईने आपल्या हाताने, कागदावर, असं लिहायचं? आणि मग तीन तास त्या गर्दीत तिला मांडीवर घेऊन बसायचं, ओठांकडे बघत?

ते माझ्याच्याने होणार नाही. अकरा महिने तर अकरा महिने. मी तिला घास घास भरवीन. पण चढायचं ते एकदाच.

पेन आहे का कोणाकडे? माझ्याकडे नाही, मी फडकेवाली बाई.

काका, तुम्ही राहू द्या. बसा. काकू, सांगा ना यांना, गुडघे दुखतायत तर कशाला उठले. बरं, द्या. टोपण उघडून द्या.

या वेळी नुसतं "नि" नाही लिहीत. पूर्ण लिहिते. नि, ळं.

ताई, ही घ्या चिठ्ठी. चौकोन कोरा नाही, परत पाठवू नका.

झालं.

आता काकांबद्दल चांगलं बोलायचं राहूनच गेलं. काका, तुम्ही पोहोचलात की मुलीच्या घरी आधी खुर्चीवर पाय पसरून बसा. महिन्याच्या शेवटी तपासणीच्या खोलीत आता भांडारवाले दादा काटा लावणार आहेत, तुमच्यासारखंच आधी प्रमाण वजनं ठेवून. पिटुकलीला मी सांगितलंय की काका गावाला जातायत. ती म्हणाली, "मग माल भरला का, हे कोण विचारणार?" दादा, तेवढं विचारायला विसरू नका. आकडा आला की मी ताईंकडून तुम्हाला कळवीन काका. वाढला तरी कळवीन, नाही वाढला तरी कळवीन. आता लपवणार नाही.

मोठ्या साहेबांनी मला इथे उभं राहू दिलं, व्यवस्थापक साहेबांनी काट्याचं ऐकून घेतलं, काकूंनी आपल्या प्रवासाचे पॉइंट परक्या लेकराला दिले आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही, तुम्ही सगळ्यांनी जेवायची वेळ टळली तरी ऐकलंत, तुमचे सगळ्यांचे आभार. अडाणी बाईच्या बोलण्यात कोणाचा मान कमी-जास्त झाला असेल तर पोटात घाला.

बोलण्यात चुकले असेन, ते चालेल. लिहिण्यात या वेळी चुकलेली नसू दे.